अंदमानला सात जण निघालोय: लेकरांना आणि म्हाताऱ्यांना झेपेल असं समुद्रकाठचं रिसॉर्ट कसं निवडावं?

केळीची_बाग (चोपडा)
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत अंदमानला जायचं पक्कं केलंय. सात जण आहोत. आई (६६, दोन्ही गुडघे दुखतात), आप्पा (७१), सासूबाई, आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. आई-आप्पांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. पंढरपूरची चंद्रभागा, नाशिकची गोदा आणि प्रकाशा गावची तापी, एवढंच त्यांनी पाहिलेलं मोठं पाणी. आप्पांनी चाळीस वर्षं केळी केली. लग्नकार्य सोडलं तर सलग चार दिवस घराबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. म्हणून ही सहल नीट व्हावी असं फार वाटतंय.

एका एजंटने सहा रात्रींचा बेत लिहून दिलाय. त्यात 'हॅवलॉक, बीच रिसॉर्ट' आणि 'नील, बीच रिसॉर्ट' असं आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'किंवा तत्सम'. मी स्वतः शोधायला बसलो तर सगळ्यांचे फोटो एकसारखे: निळं पाणी, नारळ, झोका. पोरांना सुरक्षित पाण्यात खेळता यावं, आईला पायऱ्या चढाव्या लागू नयेत, जेवण शाकाहारी मिळावं. हे फोटोवरून कसं ओळखायचं? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, पहिलं काम म्हणजे 'किंवा तत्सम' हे शब्द खोडून घ्या. रिसॉर्टचं नाव, खोलीचा प्रकार आणि जेवणाचा प्लॅन, तिन्ही लेखी. आमच्या कागदावरही 'बीच रिसॉर्ट' होतं. प्रत्यक्षात जागा रस्त्याच्या अलीकडे, आणि पाण्यापर्यंत पोहोचायला दोन हॉटेलांच्या मधल्या बोळातून दहा मिनिटं चालायचं. सहा वर्षांचं पोरगं ओल्या कपड्यांनी दिवसातून तीनदा तो रस्ता ओलांडत होतं, आणि त्यावरून भाड्याच्या स्कूटी सुसाट. सहल म्हणून मजा आली, पण रोज जीव टांगणीला. नकाशात उपग्रहाचं चित्र उघडून खोली आणि पाणी यांच्यातलं अंतर स्वतः मोजा. दोन मिनिटांचं काम आहे, ते आम्ही केलं नाही.

निळं_पाणी (मूळ धुळे, सहा वर्षं पोर्ट ब्लेअरला नोकरी)
केळीची बाग, तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलोच. आधी नावांचा घोळ सोडवून घ्या, नाहीतर बुकिंग करताना गोंधळ होतो. ३० डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचंही सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलण्यात सगळे जुनीच नावं वापरतात, पण तिकिटांवर नवी दिसतील. दोन्ही एकच.

आता मुद्दा. आपल्याकडची माणसं आधी खोली पसंत करतात आणि समुद्र तिथे जो असेल तो असेल असं धरून चालतात. लहान लेकरं असतील तर हे उलटं करा. आधी किनारा पसंत करा, मग त्या किनाऱ्यावरची खोली.

हॅवलॉकचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला राधानगर, म्हणजे सात नंबर बीच. मऊ वाळू, दगड नाहीत, सुमारे दोन किलोमीटर लांब, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं) मानांकन मिळालेलं. पोहण्याची जागा आखलेली असते, जीवरक्षक असतात. सूर्यास्त इथलाच बघायचा. पण राहायची सोय मोजकी आणि महाग. ताज आहे, बेअरफूट आहे, आणखी थोडीफार. जेटीपासून दहा-बारा किलोमीटर आत.

पूर्वेला तीन नंबरपासून पाच नंबरपर्यंत, गोविंदनगर ते विजयनगर पट्ट्यात, बाकीची बहुतेक रिसॉर्टं. जेटी जवळ, बाजार जवळ, खिशाला परवडणारी. इथला समुद्र तळ्यासारखा शांत दिसतो आणि फोटोतला नारळ-झोका बहुधा याच किनाऱ्याचा. पण हा प्रवाळाचा सपाट खडक आहे. भरतीला कमरेइतकं सुंदर पाणी, आणि ओहोटीला पाणी पार लांब जातं. मागे उरतात मेलेलं प्रवाळ, धारदार दगड आणि चिखलाळ वाळू. रिसॉर्टवाले फोटो भरतीलाच काढतात, त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही दुपारी दोनला पोचलात, ओहोटी असली, तर चार वर्षांच्या पोराला पाणी दाखवायला लांब बोट करावं लागतं.

नीलला भरतपूर बीच जेटीला लागूनच आहे. उथळ, रुंद, काचेच्या तळाची बोट तिथूनच सुटते. तुमच्या आईंना पाण्यात न उतरता प्रवाळ आणि मासे बघायचे असतील तर तीच उत्तम. लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय. किनाऱ्यांची नावं रामायणातली, आप्पांना आवडतील. खडकाचा नैसर्गिक पूल (नॅचरल ब्रिज) मात्र त्यांना दाखवायचा हट्ट धरू नका. तो ओहोटीलाच नीट बघता येतो आणि तिथवर ओल्या, निसरड्या खडकांवरून जावं लागतं.

केळीची_बाग
दादा, हे एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे राधानगरलाच राहायचं का? ताज आमच्या आवाक्यातलं नाही.

सातपुड्याची_लेक (शहादा)
नाही, तसं काही नाही. आम्ही तीन वर्षांच्या मुलीला घेऊन पूर्वेच्या बाजूला राहिलो आणि छान झालं, कारण रिसॉर्टला लहान मुलांचा वेगळा उथळ स्विमिंग पूल होता. राधानगरला रोज दुपारी तीनला गाडी करून जायचो, सूर्यास्त बघून परत. सकाळी भरती असेल तेव्हा समोरच्या समुद्रात, ओहोटीला पुलात. लहान मुलाला पाणी हवं असतं, ते खारं आहे की गोडं याचं त्याला काही नसतं.

पुलाबद्दल दोन गोष्टी विचाराच. पाण्याची खोली किती फूट, आणि मुलांचा भाग भिंतीने वेगळा आहे की एकाच पुलाचा उतार आहे. उतार असला की मूल खेळता खेळता पुढे सरकतं. दुसरं, बऱ्याच ठिकाणी सुती कपड्यांनी पुलात उतरू देत नाहीत, नायलॉनचाच पोशाख लागतो. माझ्या सासूबाईंना पाण्यात पाय सोडून बसायचं होतं, साडीवर नको म्हणाले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. आधी माहीत असतं तर बाह्यांचा, पायघोळ पोशाख इथूनच शिवून नेला असता. तुमच्याकडे दोन आज्या आहेत, म्हणून सांगते.

अंधार फार लवकर पडतो, हेही डोक्यात ठेवा. घड्याळ आपलंच, पण सूर्य जळगावपेक्षा साधारण तासभर लवकर उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त. म्हणजे साडेपाच ते नऊ मुलं खोलीत. रिसॉर्टला हिरवळ, झोपाळे, कॅरम, निदान उजेड असलेलं अंगण आहे का, हे आम्ही विचारलं होतं आणि त्याचा फार फायदा झाला.

एक सांगायचं राहिलं. विजयनगरच्या किनाऱ्यावर पाण्यावर वाकलेली मोठमोठी झाडं आहेत. तिथली माणसं त्याला समुद्री महुआ म्हणतात. आपला तोरणमाळच्या वाटेवरचा मोह, घरचा चिकू आणि हे झाड एकाच कुळातलं. मी त्या बुंध्याला हात लावून उभी होते आणि उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं.

पांझराकाठ
मालदीवचा विचार केलात का? भारतीयांना तिथे पोचल्यावर व्हिसा मिळतो. एका बेटावर एकच रिसॉर्ट, समोर उथळ खाजण, रस्ता नाही, गाडी नाही. मुलांना मोकळं सोडता येतं.

भुसावळ_जंक्शन
मालदीवला सात पासपोर्ट लागतील, आणि म्हाताऱ्यांना विमानातून उतरून पुन्हा स्पीडबोट किंवा सी-प्लेन. सी-प्लेन दिवसाउजेडीच उडतं, विमान संध्याकाळी पोचलं तर एक रात्र राजधानी मालेजवळ काढा. पाण्यावरच्या लाकडी खोल्या फोटोत भारी दिसतात, पण दारातून थेट समुद्रात उतरायच्या पायऱ्या असतात. चार वर्षांच्या पोराबरोबर तिथे मला झोप लागली नसती. जायचंच तर वाळूवरची खोली घ्यावी. लक्षद्वीपचं पाणी सगळ्यात सुंदर, पण परवाना काढावा लागतो आणि राहायच्या जागा थोड्या. पहिल्याच समुद्राला अंदमान बरं.

रत्नागिरीची_लेक_पारोळ्याची_सून
वरती भरती-ओहोटीचा विषय आला म्हणून लिहिते. लग्न होऊन पारोळ्यात आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे कोणाला समुद्राचं घड्याळ माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण: भरतीला पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. आमच्याकडे तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता. अंदमानात हे गणित जसंच्या तसं चालणार नाही, तिथलं भरतीचं वेळापत्रक वेगळं मिळतं, ते बघा. पण तिथी बघून तारखा ठरवायचं तत्त्व तेच. लेकरांना सकाळी पाण्यात न्यायचं असेल तर सकाळी भरती येणारे दिवस निवडा. पंचांग घरात असतंच.

आणि कळकळीने सांगते. तापीत, विहिरीत पोहणारी माणसं समुद्रात फसतात. नदी एका दिशेने ओढते, ते अंगाला माहीत असतं. समुद्र लाट परत जाताना पायाखालची वाळूच काढून घेतो, आणि कधी कधी एखाद्या पट्ट्यात सरळ आत ओढतो. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, दम संपतो. तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची, जमलं तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. दरवर्षी आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर देशावरची तरुण पोरं बुडून जातात, त्यातली बरीच पट्टीची पोहणारी असतात.

बालरोग_धुळे
वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. गप्पपणे खाली जातं. म्हणून 'आम्ही जवळच होतो' हे पुरत नाही. चार वर्षांचं मूल गुडघाभर पाण्यात असलं तरी हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर एक मोठा माणूस हवा, आणि त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल नको. वेळ वाटून घ्या: आता अर्धा तास तुझा, मग माझा. सगळे बघतायत असं वाटतं तेव्हा कोणीच बघत नसतं.

हवा भरलेली रिंग समुद्रात वापरू नका, वाऱ्याने ती आत जाते. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं, दोन पायांमधून पट्टा येणारं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. बऱ्याच ठिकाणी लहान माप मिळत नाही, इथूनच विकत घेऊन जा.

प्रवाळाने कापलं तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवायचं, जखम लहान दिसली तरी. पायात रबरी बूट घाला. बारीक वाळूमाश्या चावतात, त्यांना तिथे सँडफ्लाय म्हणतात. खाजवल्यावर पिकतात, म्हणून मुलांची नखं कापून न्या. औषधांची पिशवी भरून न्या: ओआरएस, तापाचं, उलटीचं, आजी-आजोबांच्या रोजच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. मधे समुद्र आहे, हे लक्षात ठेवून निवड करा. आईंचे गुडघे सोडून इतर काही, दमा, हृदयाचं, असेल तर मला संदेश करा.

चाळीसगाव_रोड
नऊ वर्षांच्या मुलीला स्कूबा करता येईल का?

निळं_पाणी
नाही. स्कूबाला दहा वर्षं पूर्ण लागतात, आणि कोणी 'चालतं हो' म्हणालं तर त्याच्याकडे मुळीच करू नका. स्नॉर्केलिंग करता येईल. हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला बोटीने जायचं, जॅकेट घालून गाइडने हात धरून नेलं की तिला भरपूर दिसेल. त्या किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीत उन्मळलेले ओंडके अजून पडलेले आहेत, तेही दाखवा.

मगरींविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकलाच स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. घाबरून सहल रद्द करण्याचं कारण नाही, हजारो कुटुंबं सुखरूप येतात. पण खाडीचं तोंड, तिवरांची झाडी आणि निर्मनुष्य कोपरा, या तीन ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही. फलक लावलेला असेल तर तो खरा माना. अंधार पडायला लागला की पाण्याबाहेर. 'आमचा खासगी, एकांत किनारा' अशी जाहिरात असेल तर विचारा की जीवरक्षक आहे का, जाळी आहे का. लेकरांसाठी गर्दीचा किनारा चांगला.

आणि बोटीचं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी फेरीने दीड-दोन तास. मक्रूझ, नॉटिका या बंद, एसी बोटी आहेत. लवकर पोचतात, पण समुद्र उसळलेला असला की आत बसून मळमळतं. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर, डॉक्टरांना विचारून. सरकारी बोट स्वस्त, पण वेळ जास्त आणि तिकीट मिळवणं कष्टाचं. हॅवलॉकहून परत येऊन त्याच दिवशी विमान पकडायचा बेत कधीही करू नका. डिसेंबर २०१६ मध्ये चक्रीवादळी हवेत हॅवलॉकला हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदलाने जहाजं पाठवून सोडवलं. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, तरी शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तर हे कागदावर लिहून घ्यावं, तेव्हा बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम असतो.

केळीची_बाग
दोन संध्याकाळी बसून आठ रिसॉर्टना फोन केले. पुढच्या कोणाला उपयोग होईल म्हणून जे विचारलं ते लिहितो.

पहिला प्रश्न सगळ्यांना एकच: 'ओहोटीला तुमच्या समोर किती लांब चालावं लागतं?' आठपैकी पाच जणांनी 'सर, चोवीस तास बीच आहे' असं काहीतरी सांगितलं. तिघांनी सरळ सांगितलं की ओहोटीला पोहता येत नाही, दगड आहेत, बूट आणा. मी त्या तिघांतूनच निवडायचं ठरवलं. जो पाण्याबद्दल खरं बोलतो तो खोलीबद्दलही बोलेल असं वाटलं.

मग त्यांना व्हॉट्सॲपवर ओहोटीच्या वेळचा किनाऱ्याचा फोटो मागितला, आणि न्हाणीघराच्या दाराचा. हे शेवटचं आईसाठी. एका ठिकाणी खोली तळमजल्यावर होती, पण खोलीला चार पायऱ्या आणि न्हाणीत उतरायला आणखी एक उंच पायरी. दुसऱ्याकडे पाळण्यासारख्या बांबूच्या झोपड्या, सुंदर, पण शिडीवर. तिसऱ्याकडे सपाट. समोरासमोर दोन खोल्या आणि मधे ओटा, म्हणजे रात्री आईने हाक मारली तरी ऐकू येईल. 'फॅमिली रूम' म्हणजे काय तेही प्रत्येकाचं वेगळं निघालं. कुठे एकाच खोलीत चार पलंग, कुठे मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या.

मुलांचे पैसे: कुठे पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठे सहा. नऊ वर्षांच्या मुलीला गादी घेतली तर वेगळे, न घेता नाश्ता घेतला तर वेगळे. हेही लेखी मागवलं.

आता जेवणाचं सांगा. नाश्त्यापुरता प्लॅन घ्यावा की जेवणासकट?

सातपुड्याची_लेक
सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. तुम्ही एमएपी घ्या, रात्रीच्या जेवणासह. रात्री सगळ्यांना घेऊन अंधारात हॉटेल शोधायला नको. दुपारी बाहेर फिरत असता, तेव्हा बाजारात खाता येतं. हॅवलॉक-नीलला पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं वसलेली आहेत, मासे-भात सगळीकडे. शाकाहारी मिळतं, पण स्वयंपाकघर वेगळं आहे का ते सासूबाईंसाठी विचारा. नीलवर भाजीपाला पिकतो, तिथली ताजी भाजी छान लागते.

घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा चिवडा न्या. आम्ही भाजलेल्या कळण्याच्या पुऱ्या नेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याच मागितल्या.

भुसावळ_जंक्शन
प्रवासाचं सुचवू का? जळगाव किंवा भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेसने थेट चेन्नई, साधारण एक दिवस एक रात्र. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर विमानाने दोन-सव्वादोन तास. मुंबईला जाऊन विमान बदलण्यापेक्षा आई-आप्पांना आडवं होता येतं. पण चेन्नईला एक रात्र थांबा. गाडीला उशीर झाला तर विमान जाईल.

केळीची_बाग
तसंच केलं भाऊ. खालचे तीन बर्थ मिळाले.

केळीची_बाग (परत आल्यावर)
मंडळी, काल रात्री चोपड्यात पोचलो. अजून बॅगा उघडलेल्या नाहीत, पण तुम्हाला आधी सांगायचं होतं.

बेत असा केला: दोन रात्री पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. एजंटच्या यादीतलं बाराटांग काढून टाकलं. पहाटे उठून ताफ्यातून जायचं आणि दिवसभर गाडीत बसायचं, ते आईला झेपलं नसतं. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. आप्पा म्हणाले, ज्यांना आपण नको आहोत त्यांच्या घरातून कशाला जायचं. सेल्युलर जेलला मात्र ते दोन तास होते. कोठडीत आत जाऊन उभे राहिले, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत.

हॅवलॉकला पूर्वेच्या बाजूला राहिलो, पंचांग बघून. पौर्णिमेच्या आधीचे दिवस होते. पहिल्या सकाळी सव्वासातच्या सुमारास भरती होती, तिसऱ्या दिवशी ती नऊच्या आसपास गेली. पारोळ्याच्या ताई, अगदी तुम्ही सांगितलं तसं. रोज सकाळी दोन तास मुलगी समोरच्या पाण्यात, अर्धा अर्धा तास आमच्यापैकी एकाची राखण, डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे. दुपारी पाणी गेलं की दगड उघडे पडायचे, तेव्हा मुलगी बूट घालून डबक्यांतले खेकडे बघायची. शंख उचलू नको म्हणून दोनदा सांगावं लागलं. प्रवाळ आणि कितीतरी शंख कायद्याने संरक्षित आहेत, विमानतळावर सामान तपासतात. तिने जमवलेलं सगळं शेवटच्या दिवशी तिथेच वाळूत मांडून ठेवलं.

चार वर्षांच्याने पहिला दिवस समुद्राला हातही लावला नाही. लाटेचा आवाज ऐकून कडेवरून उतरेना. त्याला कोणी जबरदस्ती केली नाही. उथळ पुलात खेळला, दुसऱ्या दिवशी ओल्या वाळूत बसला, तिसऱ्या दिवशी स्वतः गेला. एकच रात्र ठेवली असती तर तो भिऊनच परत आला असता. म्हणून लहान मूल असेल त्यांनी बेटं कमी आणि रात्री जास्त ठेवाव्यात असं मला वाटतं.

चूक एक झाली. नीलची खोली घाईत घेतली, तिथे न्हाणीचा फोटो मागवला नाही. उंबरा वीतभर उंच निघाला. रात्री प्रत्येक वेळी बायको उठून आईला हात द्यायची.

आईचं सांगतो. राधानगरला वाळूवर तिला चालता येईना, पाय रुततात आणि गुडघा वळतो. रिसॉर्टचा पोऱ्या आमच्याबरोबर आला होता. त्याने कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणली, खाली फळी टाकली आणि घोटाभर पाण्यात ठेवली. आई बसली. एक लाट आली, पायावरून गेली, परत गेली. ती काही बोलेना. मी विचारलं, माय, कसं वाटतं? तर म्हणाली, 'हाई तं तापीमायनं सासर शे.' तापी तिकडे सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते आणि आम्ही बंगालच्या उपसागराच्या पलीकडे बसलो होतो, पण मी काही बोललो नाही. सूर्य बुडेपर्यंत ती तिथेच होती. आप्पा शेजारी वाळूत बसले. सासूबाईंनी शिवून नेलेला पोशाख घालून गुडघाभर पाण्यात नातीचा हात धरला होता.

रत्नागिरीची_लेक_पारोळ्याची_सून
वाचून डोळे भरले हो. आईंना माझा नमस्कार सांगा.

तापी_काठचा_मास्तर (सारंगखेडा)
मी मार्चमध्ये आईला नेतोय, तिचंही गुडघ्याचंच. त्या खुर्चीबद्दल आधी विचारायचं का? आणि तीन नंबरच्या बाजूला राहावं की पाच नंबरच्या?

केळीची_बाग
मास्तर, नंबरापेक्षा समोरचा पट्टा कसा आहे ते बघा, ओहोटीचा फोटो मागवाच. खुर्चीचं बुकिंग करतानाच सांगून ठेवा, आणि फळीचं आवर्जून. नुसती खुर्ची ठेवली तर लाटेबरोबर तिचे पाय वाळूत रुततात आणि एका बाजूला कलते. आमच्या वेळी पहिल्यांदा कललीच होती, पोऱ्याने धरली. रिसॉर्टचं नाव संदेशात कळवतो. दोन नंबरची आणि तीन नंबरची खोली मागा, त्यांच्या दाराला पायरी नाही.